झोपलेला ढीग

आमच्या भागातले जुने शेतकरी अजून खत घ्यायच्या आधी विचारतात, "गिरजाचं मडकं लावलं होतं का?" लावलं होतं म्हटलं की गाडी भरून घेतात. नाही म्हटलं की बैल माघारी वळवतात. ती गिरजा म्हणजे मीच. आता सगळे आजी म्हणतात, पण मडक्यापुरती मी अजून नुसती गिरजा आहे. खरं सांगते, इतकी वर्षं ते ऐकून मला बरंही वाटलं आणि गिळलेल्या काट्यासारखं आत टोचलंही. कारण त्या नावात खोट आहे, आणि ती खोट मी केलेली आहे. ती काढायची म्हणून हे लिहायला बसले.

लिहिणं मला शाळेनं शिकवलं नाही. तेव्हा निजामाचं राज्य. शाळा असली तर उर्दूची, आणि मेंढक्याच्या पोरीला तीही नव्हती. मी अक्षरं शिकले ती केरातून आलेल्या कागदांवर. म्हणून जसं बोलते तसंच लिहिते. कुठं घसरले तर सांभाळून घ्या.

आधी काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मानवतहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक बाजारगाव होतं. नाव लिहीत नाही, गावाचा त्यात काही दोष नव्हता. गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून एक आवार केलेलं होतं. सफाईचे दारोगासाहेब त्याला 'खादखाना' म्हणायचे. लोक म्हणायचे 'सरकारी उकिरडा'. रोज सकाळी गाड्या गावभर फिरून घरोघरचा केर आणून तिथं ओतायच्या. मैला दुसरीकडं जायचा, त्याच्याशी आमचा संबंध नव्हता. आमच्याकडं यायचा तो घरातला मिसळलेला केर. चुलीची राख, भाजीची देठं, जनावरापुढचा उष्टा कडबा, शेण, झाडलोटीची धूळ, चिंध्या, केसांचे गुंतवळ, फुटक्या बांगड्या, खापऱ्या, वाकलेले खिळे, हाडकं. सगळं एकात एक कालवलेलं.

त्याचं खत करायचं. कसं? पहिलं काम निवडायचं. सुपात तांदूळ निवडतो ना आपण, तसंच, फक्त सूप म्हणजे अख्खं अंगण. चिंध्या एकीकडं, हाडं एकीकडं, लोखंड एकीकडं, कागद एकीकडं, काच एकीकडं. काचेची मला लय भीती. रानात माणसं अनवाणी चालतात. बांगडीचा एक तुकडा खतातून गेला तर कुणाच्या तरी टाचेत जाऊन बसणार. मग फिरती चाळण. कापसाच्या जिनिंगमधल्या टाकाऊ लोखंडाचा आमच्या लोहारानं एक जाळीचा पिंप केला होता, आडवा, जरा उतरता, दोन्ही टोकांना दांडे. दोघींनी दोन्हीकडून फिरवायचा. बारीक माल जाळीतून खाली पडायचा, ठोकळ तोंडातून बाहेर यायचं. त्याचा आवाज असा की गावातली माणसं म्हणायची, उकिरडा दात खायलाय.

इथवर लोखंडाचं आणि हाताचं काम. पुढचं काम आपलं नव्हेच. बारीक केराचा हातभर थर, त्यावर शेणकाला, परत थर, असं करत छातीइतका ढीग लावायचा आणि पाणी शिंपडायचं. दोन-तीन दिवसांत ढीग तापायला लागतो. असा तापतो की आत हात घालवत नाही. पहाटे त्यातून वाफ निघते, जसं काही आत कुणी चूल पेटवलीय. चूल कुणी पेटवलेली नसते. डोळ्यांना न दिसणारे जीव आत केर खात असतात, त्यांच्या जगण्याची ती ऊब. दारोगासाहेबांनी मला हे पुढं सांगितलं. आमच्यात त्याला सोपा शब्द होता. माझ्याबरोबर कामाला असलेली अमिनाखाला म्हणायची, "ढीग जेवायलाय."

जेवता जेवता ढीग मंदावला की त्याला उलथापालथा करायचा, पाणी पाजायचं, परत तो जेवायला बसतो. असं तीनदा-चारदा. शेवटी त्याचं पोट भरतं, तो गार होतो, आणि त्याला विहिरीच्या काठच्या मातीसारखा वास येतो. तेव्हा ते खत. त्याच्या आधी ते नुसतं सडकं. आणि सडकं रानात टाकलं तर ते उरलेलं जेवण पिकाच्या मुळांशी बसून करतं. एवढं लक्षात ठेवा.

आता अमिनाखाला. नाव अमिनाबी, खाला म्हणजे मावशी, वयानं माझ्या आईएवढी. काटक, बुटकी, पदर कमरेला खोचलेला, तोंडात कायम सुपारीचं खांड. पाण्याचं काम तिचं. हौदातून घागरी भरायच्या आणि ढिगांना पाजायच्या. चाळणीचा एक दांडा तिच्या हातात, दुसरा माझ्या. सहा वर्षं आम्ही तो पिंप समोरासमोर फिरवला.

मी तिथं पोचले कशी? माझं माहेर राणीसावरगावकडचं, सासर या गावाजवळचं, दोन्हीकडं मेंढरंच. लग्नानंतर चौथ्या वर्षी रोग आला आणि आमचं खांड, म्हणजे अख्खा कळप, बसल्या जागी संपलं. मालक दुसऱ्याची मेंढरं राखायला गेले. मी खादखान्यात कामाला लागले. सासूबाईंनी चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. भावकीतल्या बाया तोंड वाकडं करून बोलायच्या, "मेंढरं मेली म्हणून काय गावाची घाण चिवडायची का गं?" मी म्हणायची, "मेंढराच्या लेंड्यांत जन्म गेला, आता गावाच्या." वरून हसायची. आत लागायचं.

पण लेंडीखताचं ज्ञान माझ्याकडं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. आमचे लोक शेतात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप रानात थांबतो, सकाळी उठून जातो, खत जागच्या जागी. शेतकरी मान देतो. माझा बाप लेंडीखताच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून सांगायचा, "गार लागलं, वास न्हाई, दे टाकून." कधी चुकला नाही. दारोगासाहेबांनी मला दोन-तीन वर्षांत बायकांची मुकादम केलं ते यासाठीच, की ही पोर ढिगात हात घालून सांगते.

अमिनाखाला माझ्या हाताला नावं ठेवायची. "अगे गिरजा, हात काय हकीम हाय का? हात खोटं बोलतो. नाक बोलत नाय."

"माझ्या बापाचा हात कधी चुकला न्हाई, खाला."

"तुझ्या बापाला मेंढरांनी खत दिलं. तुला अख्ख्या गावानं दिलंय. मेंढरू एकच जिन्नस खातं, बेटा. गाव काय काय खातं ते तू रोज बघायलीस."

तशी ती गमतीची बाई. गिऱ्हाइकं यायची त्यांची तिला लय मौज. एक गृहस्थ यायचे, वरच्या आळीतले, मोठं रान. त्यांना खत तर हवं, पण म्हणायचे, "आमच्या आळीच्या केराचं वेगळं असेल तर द्या. बाकीच्यांचं आमच्या रानात नको."  अमिनाखालानं सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि कोपऱ्यातला एक ढीग दाखवला. "हा बघा मालक, नुसता तुमच्या आळीचा. कुणाचा हात लागू दिला न्हाई." ते खुश होऊन गाडी भरून गेले. ते गेल्यावर मी म्हटलं, "खाला, त्यात तर अख्खं गाव हाय." ती म्हणाली, "हौ. पण ढिगानं कुठं विचारलं, कोण कुणाचं?" त्यांच्या रानात त्या साली तूर अशी आली की पुढच्या वर्षी स्वतः येऊन म्हणाले, तोच ढीग पाहिजे.

एकदा केरात चांदीचं जोडवं सापडलं. ते कुणाचं ते शोधायला खाला दारोदार गेली. बायांनी उंबऱ्याच्या आतूनच बोलणं केलं. जिचं होतं तिनं ते चिमट्यानं उचललं, आधी राखेनं घासलं, मग हातात घेतलं. खाला परत येऊन पाण्याला लागली. मी चिडले होते. ती म्हणाली, "तिला जोडवं मिळालं ना? मग आपलं काम झालं. बाकीचं चाळणीच्या तोंडातून बाहेर."

कागद निवडायचे ते मी बाजूला ठेवायची. त्यातल्या मराठी कागदांवरची अक्षरं दुपारच्या वेळी राखेत गिरवायची. वाण्याकडं पुडीला आलेली जुनी पोथीची पानं, कुणाची पत्रं, पंचांग. खालाला वाचता येत नव्हतं, पण ती कागद उलटा धरला तर लगेच सांगायची, "उलटा हाय. शाईचे पाय खाली असतात." असं शिकले मी.

हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढं जे झालं ते कुणाशी झालं ते तुम्हाला कळावं.

त्या काळी आमचं खत फार कुणी नेत नसे. कपाशीवाले दोन-तीन जण, ते वरच्या आळीचे, बस्स. शेजारच्या वाडीत नामदेवआबा म्हणून एक शेतकरी होते. रान थोडं, पण मिरचीची रोपं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अर्धी वाडी त्यांच्या वाफ्यातून रोप नेऊन लावायची. त्यांनी खत नेलं की वाडी नेणार, वाडीनं नेलं की आजूबाजूची गावं. मी सहा महिने त्यांच्या मागं लागले होते. बाजारात भेटले की म्हणायची, "आबा, एकदा बघा तर." ते म्हणायचे, "पोरी, मला काय न्हाई, पण वाडी हसंल. म्हणंल, आबानं गावाचं उष्टं आणलं." शेवटी एका उन्हाळ्यात ते हो म्हणाले. रोपाच्या वाफ्यासाठी दोन गाड्या.

तो उन्हाळा कडक होता. हौदाचं पाणी आटत चाललं. वर ओढा कोरडा. खाला रोज अर्ध्या घागरी घालायची. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "गिरजा, आबासाठी धरलेल्या ढिगाला दोन हप्ते पुरतं पाणी न्हाई. साहेबाला सांग, गावच्या विहिरीतून गाडी पाठवा म्हणावं."

मी ढिगात हात घातला. कोपरापर्यंत. गार. वास नाही. बापाचं बोलणं कानात. म्हटलं, "कशाला पाणी, खाला? हा तयार हाय."

ती ढिगाजवळ बसली, मूठभर उचललं, नाकाशी धरलं, बोटांत चुरलं. म्हणाली, "पका न्हाई हा. वाळलाय म्हणून गार हाय. मऱ्या नई, सोया है. झोपलाय. पाणी लागलं की उठून बसंल."

"तुमचं आपलं काय तरी."

"बरं, नको ऐकू. मडकं लाव."

आणि तिनं स्वतःच मडकं आणलं. ते मडकं म्हणजे काय, तर ढिगाच्या पोटातला माल घ्यायचा, मुठीत दाबला तर बोटांत ओल दिसावी इतकं पाणी लावायचं, मडक्यात भरायचा, तोंडाला ओलं फडकं बांधून सावलीत तीन दिवस ठेवायचं. चौथ्या दिवशी उघडायचं. मातीचा वास आला तर खत. कुबट, आंबट, जनावराच्या मुतासारखा आला तर कच्चं. झोपलेल्या ढिगाला थोडक्यात जागं करून बघायचं, एवढंच. तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं पाणी पाजता पाजता तिला कळलं होतं. तिनं मडकं भरलं, फडकं बांधलं, हौदाच्या भिंतीच्या सावलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आबाच्या दोन गाड्या आल्या.

आबा स्वतः आले होते, डोक्याला धुतलेला पटका, जणू सोयरिकीला. बरोबर वाडीतली दोन माणसं, बघायला. मी मडक्याकडं पाहिलं. अजून दोन दिवस. गाड्या रिकाम्या पाठवल्या तर आबा परत यायचे नाहीत हे मला ठाऊक होतं. आणि खरं लिहायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. मुकादम मी होते. मेंढक्याची पोर मी होते. माझा हात मोठा की तिचं मडकं?

आबांनी विचारलं, "पोरी, पक्कं हाय ना?"

खाला घागर घेऊन उभी होती.  माझ्याकडं बघत राहिली.

मी हात दाखवला. "आबा, कोपरापर्यंत गार हाय. न्या."

पंधरा-वीस दिवसांनी आबा चालत आले. एकटेच. पटका नव्हता, उपरण्यात काही बांधून आणलं होतं. आमच्यापुढं सोडलं. मिरचीची रोपं, दोन पानांवरची, पिवळी पडून देठाशी काळी होऊन लोळलेली. मुळं जशी काही कुणी चटका दिलेली.

"उगवलं चांगलं," ते म्हणाले. "मी पाणी देत गेलो. आणि मग वाफा खालून तापला. हात ठेवला तर ऊन लागतंय. सगळं गेलं. वाडीला रोप न्हाई यंदा." मग रिकामं उपरणं झटकत, "हसतात हसू देत. त्याचं काय न्हाई. पण लोक माझ्या भरवशावर थांबले होते ना."

दारोगासाहेब हैदराबादेकडचे, शिस्तीचे, वाईट नव्हते. त्यांनी ढिगाजवळ उभं राहून चौकशी केली. खत कच्चं का राहिलं? पाणी कमी पडलं. पाणी कुणाचं काम? अमिनाबीचं. ते तिला म्हणाले, "पाणी कम था तो बताया क्यों नहीं?"

तिनं सांगितलं होतं. मला. पुढं सांगायचं काम माझं होतं.

 तिनं फक्त मान वळवून हौदाच्या भिंतीकडं पाहिलं, जिथं ते मडकं अजून तसंच होतं, फडकं बांधलेलं, कुणी न उघडलेलं. मग माझ्याकडं पाहिलं. ती वाट बघत होती. घाई नव्हती तिला. ढिगाची वाट बघायची सवय असलेली बाई ती.

मी खाली बघितलं.

साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नको. तिनं घागर उपडी घालून ठेवली, पदर कमरेतून सोडला, डोक्यावर घेतला आणि काट्यांच्या फाटकातून निघून गेली. मी चाळणीचा दांडा धरून उभी. समोरचा दांडा रिकामा.

त्याच दुपारी मी मडकं उघडलं. असा वास आला की मी मागं सरले. वीस दिवस ते तिथं खरं बोलत बसलं होतं, आणि तीन दिवस थांबायला मला जमलं नव्हतं.

आठ दिवस मी कशी जेवले ते माझं मलाच ठाऊक. मग आबाच्या वाडीला गेले. ते नव्यानं वाफे करत होते, उशीर झालेला असूनही. मी सगळं सांगितलं. पाणी, हात, मडकं. ते कुदळ टेकवून ऐकत राहिले. म्हणाले, "मला सांगून काय व्हायचं, पोरी? माझी रोपं तर गेली. जिथं सांगायचं तिथं सांग."

मी साहेबांना सांगितलं, पाणी कमी असल्याचं खाला मला बोलली होती, पुढं मीच सांगितलं नाही. मडक्याचा विषय तेवढा निघाला नाही. त्यांनी हातातली नोंदवही मिटली. मग म्हणाले, "जाओ, उसको लेकर आओ."

खाला तोवर जिंतूरला लेकीकडं निघून गेली होती. मिठाच्या गाड्या तिकडं जात होत्या, त्यांच्या मागं बसून मी गेले, वाटेत दोन मुक्काम. लेकीचं घर शोधलं. खाला अंगणात बसली होती, पुढं एक चांगला छोटा ढीग लावलेला, लेकीच्या घरचा केर. मला बघून उठली नाही.

पहिला प्रश्न काय विचारला असेल? "ढिगांना पाणी कोण घालायलंय?"

"मीच, खाला."

"उलथा मारला का?"

"मारला. वाफ निघायली आता."

"हं. जागा झाला म्हणजे." मग सुपारी फिरवत म्हणाली, "माफी मागायला आलीस का बोलवायला आलीस?"

"दोन्हीला."

"दोन्ही एका टोपलीत नको घालू. आपण निवडणाऱ्या बाया, गिरजा. वेगळं कर आधी."

मला रडू आलं. मी तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय आखडून घेतले, पण माझ्या डोक्यावर हात ठेवला. शेणकाल्याचा हात, ओला.

"माफी ठेव हितं. ती मी घेतली. काम माघारी घेऊन जा. ज्या फाटकातून मला सगळ्यांनी जाताना पाहिलं, त्यातून मी परत शिरणार न्हाई. त्याला तुझा इलाज न्हाई, माझाही न्हाई."

मी लय विनवलं. नाही म्हणजे नाही. निघताना तिनंच हाक मारली. "एक कर. मडक्याचं साहेबाला सांग. हरेक ढिगाला लावू दे, म्हणजे परत कुणाचं रोप जळायचं न्हाई. आणि सांगताना माझं नाव घे. अमिनाबी म्हणाली म्हणून सांग. बास. मला दुसरं काय नको."

"घेते," मी म्हटलं. "शप्पथ घेते."

परत आले. एकटी आलेली बघून साहेब संतापले. म्हणाले, एक गलती आणि एक जाणती बाई गेली. आता तुला तरी कशाला ठेवू? घरी मालकांचं काम सुटलेलं, सासूबाई अंथरुणावर. मी घाबरून भडाभडा मडक्याचं सांगितलं. असं भरायचं, असं बांधायचं, तीन दिवस. साहेबांनी तिथल्या तिथं दोन ढिगांना मडकी लावायला लावली. चौथ्या दिवशी उघडली. एक कच्चं निघालं, एक पक्कं. साहेबांचा चेहरा खुलला. नोंदवहीत काही लिहिता लिहिता ते म्हणाले, "बहुत खूब. ये तरकीब तुम्हारी है?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

एवढंच. तोंडातून शब्दही काढला नाही. पहिल्यांदा गप्प राहिले ते आठ दिवसांत मोडलं. हे दुसरं गप्प राहणं मोडायला मला म्हातारपण लागलं.

मडकं गावोगाव गेलं. पुढल्या वर्षी आबा आले, मडकं स्वतः उघडून हुंगलं, आणि खत नेलं. त्यांची रोपं जगली, वाडीनं नेलं, आजूबाजूच्या गावांनी नेलं. गिरजाचं मडकं, गिरजाचं मडकं. दर वेळी मी मनाशी म्हणायची, पुढच्या वेळी सांगीन.

मग रझाकारांचं वर्ष आलं. त्यांच्या भीतीनं माणसं गावं सोडून गेली. मागून पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा खालासारख्या माणसांना भीती वाटायची पाळी आली. खादखान्याचं कुंपण कुणी जळणाला नेलं. सगळं थंडावल्यावर मी जिंतूरला गेले. लेकीच्या घराच्या दाराशी दुसऱ्याच कुणाची म्हैस बांधलेली. शेजारी कुणी म्हणालं नांदेडकडं गेले, कुणी म्हणालं हैदराबादला, कुणी नुसतंच दार लावून घेतलं. अंगणातला तो छोटा ढीग तेवढा होता. मी मूठभर उचलून नाकाशी धरलं. पक्कं होतं. विहिरीच्या काठचा वास.

मागच्या महिन्यात शेतीखात्यातला एक तरणा माणूस माझ्याकडं आला. गावाकडच्या जुन्या चांगल्या रीतींची पुस्तिका करायलाय म्हणाला. मडक्याची सगळी रीत माझ्याकडून उतरवून घेतली. मग विचारलं, "आजी, वर नाव 'गिरजाबाईंचं मडकं' असंच घालू ना?"

मी म्हटलं, "थांब बाबा. खोड ते. अमिनाबी लिही."

त्यानं खोडलं, लिहिलं. चांगला मुलगा, काही विचारलं नाही. फक्त पेन धरून म्हणाला, "पूर्ण नाव सांगा आजी. नवऱ्याचं, आडनाव?"

आणि मला सांगता येईना. सहा वर्षं एका पिंपाचे दोन दांडे धरून आम्ही समोरासमोर उभ्या होतो. अख्ख्या गावाच्या केरातून मी जोडवी शोधली, खिळे शोधले, कागद शोधून त्यावर अक्षरं शिकले. पण तिचं पुरतं नाव मी कधी विचारलं नाही.

त्यानं ती जागा कोरी ठेवलीय. छापायला अजून वेळ आहे म्हणतो.

हे ज्यात छापून येईल तो अंक जिंतूरकडं जात असेल, नांदेडलाही जात असेल. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाची आजी, पणजी अमिनाबी नावाची होती का, बुटकी, काटक, सुपारी या गालातून त्या गालात नेणारी, आणि काही बोलायच्या आधी मूठभर माती हुंगून बघणारी? असेल तर तिचं पुरतं नाव मला कळवा. ती जागा भरायची राहिलीय.